सगळ्यात खणखणीत स्टेशन

१२ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. सगळे मजेत, असं लिहायची सवय आहे, पण कसली मजा नि काय! पोरीचा ताप उतरला. यांच्या रेडिओच्या दुकानातल्या काचा अजून झाडतेच आहे.

दादाच्या गालाला काय झालं, म्हणून विचारलंस. सरहद्दीपलीकडच्यांच्या हेरांनी डागलं, असं तो सांगत फिरतो म्हणे. अगं, कसले हेर! मीच डागलं. हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं, तेच टेकवलं. कातडी जळल्याचा वास अजून नाकातून जात नाही.

लढाई संपली, पण भीती काही संपेना. पलीकडच्यांनी शेजारचा देश गिळला, आता आपला नंबर, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. त्यात दादा दक्षता समितीचा अध्यक्ष! तुमचा रेडिओ यांनी दुरुस्त केला. दुरुस्त झालेला प्रत्येक सेट हे पलीकडच्यांच्या स्टेशनवर लावून बघतात, कारण तेच सगळ्यात जोरात लागतं. काटा परत फिरवायचा राहिला, एवढंच. नेमकं दादानं भर बैठकीत बटण दाबलं, आणि त्यांचं राष्ट्रगीत सुरू! सगळे त्याच्याकडेच बघायला लागले, तेव्हा स्वतःची कातडी वाचवायला त्यानं यांचं नाव पुढे केलं. वर सगळ्यांना घेऊन दुकानात आला.

यांना काउंटरवर पालथं पाडलं. दादानं मनगट दाबून धरलं आणि दुसऱ्यानं हातोडी चालवली. एकेक बोट, वहिनी. मी ओरडत होते, "दादा, सोड रे त्यांना!" तर म्हणतो कसा, "तू मध्ये पडू नकोस." मग पडले मध्ये.

हे इस्पितळात आहेत, दाराशी पोलीस. सोमवारी खटला. मेहुणा हेर आहे, अशी साक्ष दादा देणार. तसं ठरलं तर फाशीच.

रेडिओ न्यायला तूच आली होतीस. "हे काय लावलंय हो?" म्हणालीस. हे म्हणाले, "गाणी भिकार, पण आवाज खणखणीत. सेट तपासायला बरं पडतं." किती हसलीस तू! तेवढंच कोर्टात येऊन सांग.

दादाला तू किती घाबरतेस, मला का ठाऊक नाही? तुझ्या पाठीवरचे वळ मीच शेकलेत. तरी ये. आली नाहीस आणि यांना लटकवलं, तर दादाला मी जिवंत सोडणार नाही. मग आपण दोघी सारख्याच.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
नणंद