लाभ, दोन, तीन, चार

रत्नागिरी,
९ जून २००१

चि. देवदत्त,

आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिते, मनातून निघत नाहीयेत. अण्णा बरे आहेत. हापूस संपला, आता रायवळ तेवढे पडताहेत.

तुझं पत्र मिळालं. चार वर्षांच्या ऋजुताला तू मतिमंद मुलांच्या शाळेत घालतोयस, आणि कळवतोस असं, जसा काही गॅसचा नंबर लागला. शाबास.

कशावरून ठरवलंस? मे महिन्यात आलास तेव्हा पडवीत पाच आंबे मांडून तिला मोजायला लावलेस, त्यावरून? ती म्हणाली, "लाभ, दोन, तीन, चार, पाच." तू खेकसलास, "एक कुठे गेला?" पोर भेदरून अण्णांकडे बघायला लागली. आंबे मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आपल्या घरची रीत. अण्णांच्या शेजारी बसून ती तेच शिकली. तूही तसाच शिकलास. मुंबईला गेलास आणि विसरलास.

मग विचारलंस, "एकूण किती?" तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, तर तू कपाळाला हात लावलास. अरे, वीस वर्षं बालवाडी चालवतेय मी. या वयाची पुष्कळ मुलं असंच करतात. आकडे आधी पाठ होतात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे मागाहून उमगतं, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. तेवढा धीर तुला नव्हता. दुसऱ्या सकाळी एसटीत घालून तिला घेऊनही गेलास.

वैदेही देवाघरी गेली तेव्हा "दोन महिने सांभाळ गो ताई" म्हणून आईवेगळी पोर माझ्याकडे ठेवलीस. त्याची दोन वर्षं झाली. त्यात किती वेळा आलास ते मी सांगत नाही. मोजण्याची हौस तुला आहे, तूच मोज.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. जेवायला ताटं मांडायचं काम ऋजुताचं. आम्ही माणसं तीन, ती रोज मांडायची चार. मलाही वाटायचं, चुकतेय. एकदा चिडून म्हटलं, "अगो, आपण तिघंच ना?" तर एकेका ताटावर बोट ठेवत म्हणाली, "लाभ आजोबांचं, दोन आत्याचं, तीन माझं, चार बाबांचं."

तिची मोजणी बरोबर होती, देवदत्त. ताटावर नव्हतास तो तू.

आता घरात आम्ही दोघं. काल माझ्या हातून तीन ताटं मांडली गेली. अण्णांनी तिसरं उचलून ठेवलं. घर खायला उठतं रे, हे तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

त्या शाळेत नाही म्हणून सांग आणि पोरीला घेऊन ये. तुझं ताट मी मांडणार नाही. ते तीच मांडेल.

तुझी ताई,
उमा