दहा मिनिटे पुढचे घड्याळ

३ फेब्रुवारी

चि. टिकटिकीस,
बाबांचे अ. उ. आ.

तुझे पत्र मिळाले. दिवसभर औषधांच्या कपाटापुढे उभी राहून तुझे पाय दुखतात हे वाचून आत्याने लगेच मलाच धारेवर धरले. जणू ती कपाटे मीच उंच केली. तिचा निरोप असा की, एक स्टूल घे आणि गिऱ्हाईक आले तरी बसूनच बोल.

इकडची बातमी म्हणजे गेल्या मंगळवारी सुपारीएवढ्या गारा पडल्या. मनोऱ्यावरच्या घड्याळाची पूर्वेकडची तबकडी फुटली, दुधी काचेचे तुकडे आत लंबकाच्या वाटेत पडले आणि चार वीसला घड्याळ थांबले. चाळीस वर्षे मी त्याला किल्ली देतो आहे, इतका वेळ ते कधी गप्प बसले नव्हते. शाळेत मास्तर कविता म्हणताना ओळीच्या मध्ये थांबायला शिकवायचे. पण हे तसले थांबणे नव्हे. वर्गापुढे उभे राहून कुणी पुढची ओळ विसरावे, तसे गाव झाले आहे.

गंमत बघ. घड्याळ बंद, तरी पाववाल्या बाई रोज वर बघतात आणि त्यातूनही दहा मिनिटे वजा करतात! सवय. गाडी चुकू नये म्हणून माझ्या आधीच्या माणसाने ते दहा मिनिटे पुढे ठेवले, आणि सगळ्या गावाने दहा वजा करायला शिकून त्याची मेहनत वाया घालवली. मग उपयोग काय, असे तू लहानपणी विचारायचीस.

नगरपालिकेने काच बसवायला बाहेरून माणूस आणला आहे. तो अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे. सत्तावीसला घड्याळ पुन्हा सुरू होईल, आणि त्याच दिवशी मी मनोऱ्याची किल्ली नव्या माणसाच्या हाती देणार आहे. चौऱ्याण्णव पायऱ्या आता गुडघ्यांना मानवत नाहीत. त्या दिवशी तू यावेस अशी फार इच्छा आहे. अकरा वर्षांत मीच दोनदा तुझ्याकडे आलो, तू एकदाही आली नाहीस.

आता जे लिहायचे मी पानभर टाळले ते लिहितो. काच बसवायला आलेला माणूस म्हणजे तो. तुझा उशीरराव. कानशिलांवरचे केस पांढरे झाले आहेत. त्याने नमस्कार केला, मी चष्मा पुसत राहिलो.

कळावे. रागावलीस तरी उत्तर धाड. तुझ्या अक्षराची वाट बघणारा,
बाबा


८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

स्टूल घेतलं. आत्याला सांगा, आता गिऱ्हाइकांना वाटतं मीच आजारी आहे.

सत्तावीसला मला जमणार नाही. सुट्टीचं कारण सांगणार होते, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तो माणूस गावात असताना मी येणार नाही.

तुम्हाला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की तो आला नाही. बाकीचं आज सांगते, म्हणजे पुन्हा विषय नको. आमचं ठरलं होतं. मी नोकरीवर रुजू व्हायला निघेन, त्यानं बॅग घेऊन नऊ चाळीसच्या गाडीला यायचं. आला तर दोघं मिळून तिथून तुम्हाला लिहू, नाही आला तर तेच त्याचं उत्तर. माझ्या पर्समध्ये दोन तिकिटं होती. गाडी हलेपर्यंत मी डब्याच्या दारात उभी होते. तुम्हाला वाटलं असेल, मी तुम्हाला हात करतेय.

आठवड्यानं त्याचं पत्र आलं. लिहिलं होतं की, मनोऱ्यात नऊ पस्तीस झाले तेव्हा मी खालून निघालो, म्हणजे मी वेळेतच होतो, गाडी कशी गेली ते देव जाणे. बाबा, नऊ पस्तीस म्हणजे खरे नऊ पंचवीस. स्टेशन दहा मिनिटांवर. पुढे असलेलं घड्याळ बघून निघालेला माणूस लवकर पोचतो, उशिरा नाही. हे घड्याळवाल्याच्या मुलीला त्यानं शिकवायचं? शाळेपासून रोज उशिरा येणारा, निदान थाप तरी जरा बरी मारायची! मी एका ओळीत उत्तर दिलं, आमच्या घड्याळावर ढकलू नकोस, दुसरी सबब शोध. मग त्यानंही लिहिलं नाही.

संपलं. गुडघ्याला मलम पाठवलंय. दोनदा लावायचं, आठवेल तेव्हा नाही.

आत्याला नमस्कार. माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुमची,
टिकटिक


१३ फेब्रुवारी

चि. टिकटिके,
आत्याचे आशीर्वाद.

मी कधी लिहीत नाही, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं अंगण. पण तू कळवलंस तरी काय तुझ्या बापाला? पत्र वाचलं आणि माणूस उठून थेट मनोऱ्यावर गेला. आला तो कपाटावरच्या जुन्या वह्या काढून बसला. घड्याळाला कधी तेल दिलं, कधी काटे हलवले ते लिहितो ना, त्या. एक पान उघडून दोन दिवस तसाच बसलाय. जेवायला हाक मारली तर म्हणतो, मला भूक लागण्याचा हक्क नाही. मी म्हटलं, हक्काचं नंतर बघू, आधी ताट निवतंय.

तो काचवाला आपल्या मागच्या खिडकीची काच बसवून गेला. न सांगता. मी विचारलं तर म्हणाला, वर जाताना रोज फुटकी दिसते, बघवत नाही. अजून लग्न केलेलं नाही, मी सरळ विचारलं. त्यानं तुझं काहीच विचारलं नाही. फक्त जाताना म्हणाला, ती अजून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधते का. मी म्हटलं, मला काय ठाऊक, अकरा वर्षांत तिचं मनगट बघायला मिळालंय कुठे.

हे वाचून थोडी तरी लाज वाटू दे. बाकी सुखी राहा.
आत्या


१४ फेब्रुवारी

चि. टिकटिकीस,
बाबांचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

हे चौथे पत्र. पहिली तीन फाडली, त्यांत मी फार कविता केली होती. हे सरळ लिहितो.

तू निघालीस त्याच्या आदल्या दिवशी बॅग भरताना मला चिडवले होतेस. म्हणालीस, बाबा, तुमचे घड्याळ सगळ्या गावाला फसवते, मी जाताना एक दिवस तरी त्याला खरे बोलायला लावा. तू हसत होतीस. मी हसलो नाही. तुझ्यासारख्या मुलीला निरोपाला काय द्यावे हे मला सुचत नव्हते, आणि तू मागितलेस. सकाळी साडेसहाला वर जाऊन मी काटे दहा मिनिटे मागे घेतले.

मनात होते की स्टेशनवर तुला सांगावे, गाडी वळणावर आली की मागे वळून मनोऱ्याकडे बघ, आज ते तुझ्यासाठी खरे आहे. दोन ओळींचे एक कवनही जुळवले होते. पण तू समोर आलीस आणि गळा दाटला. ना घड्याळाचे बोललो, ना कवन. कुणालाच बोललो नाही.

दिवसभर गावात गोंधळ. पाव करपले, शाळा उशिरा भरली, लोक दारात येऊन भांडले, पण काटे हलवल्याचे मी कबूल केले नाही. संध्याकाळी पाचला मी पुन्हा दहा मिनिटे पुढे केले. वहीत दोन्ही नोंदी आहेत. सकाळच्या नोंदीपुढे मी लिहिले आहे, ‘मुलीसाठी’.

त्याने नऊ पस्तीस बघितले ते खरेच नऊ पस्तीस होते. तो गावाच्या सवयीने दहा वजा करून निघाला. थाप नव्हती ती, बाळ. त्या दिवशी गावात फक्त तोच एक खरे सांगत होता, आणि त्याला खोटे मी पाडले.

आणखी आहे. तू गेल्यावर चार दिवसांनी तो आपल्या दारात आला होता. तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, वेळ न पाळणाऱ्याचे घड्याळवाल्याच्या दारात काम नाही. तो तसाच परतला. त्याच आठवड्यात काचेच्या कारखान्यात कामाला निघून गेला.

तुझे पत्र येईपर्यंत मला यातले काही ठाऊक नव्हते. पण ठाऊक नसल्याने काही कमी होत नाही. आता तू सांगशील ते.

बाबा


१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

पत्र मिळालं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. आजवर कधी केलं नव्हतं. चिठ्ठीतल्या गोळ्या तीनदा मोजल्या आणि तीनदा वेगळ्या आल्या.

मला तुमचा राग आला आहे. खूप. काटे फिरवल्याचा नाही, ते मीच मागितलं होतं. स्टेशनवर एवढा वेळ शेजारी उभे होतात आणि एक वाक्य बोलला नाहीत, त्याचा. पाठ असलेल्या कविता दिवसभर म्हणता, आणि बोलायच्या वेळी गप्प! आणि त्याला दारातून घालवलंत, त्याचा त्याहून जास्त.

मग रागावता रागावता माझंच पत्र आठवलं. एक ओळ. तुम्ही दहा मिनिटं हलवलीत, अकरा वर्षं मी घातली. तो म्हणत होता मी वेळेत होतो, आणि मी विचारलंसुद्धा नाही की कसं. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर मी फोन करून विचारते. त्याला नाही विचारलं.

सत्तावीसला दुपारी चार दहाच्या गाडीनं येते. एकच अट आहे. त्या आधी तुम्ही स्वतः त्याला सगळं सांगायचं. वही दाखवायची. आत्याकडून नाही, चिठ्ठीतून नाही. त्यानंतर त्याला निघून जावंसं वाटलं तर जाऊ द्यायचं, अडवायचं नाही. मी येणार आहे हेही सांगा, म्हणजे टाळायचं असेल तर त्याला टाळता येईल.

जेवत जा. मलम दोनदा.
टिकटिक


२२ फेब्रुवारी

चि. टिकटिकीस,
अ. उ. आ.

सांगितले.

वही काखेत घेऊन चौऱ्याण्णव पायऱ्या चढलो. साठाव्या पायरीवर बसलो, तिथून परतावेसेही वाटले. वर तो काचेला कडेने पुट्टी लावत होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले, पान उघडून समोर धरले. तो वाचत होता आणि बोट मात्र पुट्टीवरून फिरतच होते. मग म्हणाला, काका, ही कड जरा धरा, सुकेपर्यंत सोडू नका. मी धरून उभा राहिलो. अर्धा तास आम्ही दोघे त्या काचेला धरून उभे होतो, आणि तिच्यातून गाव दुधात बुडाल्यासारखे दिसत होते.

मग आपणहून बोलू लागला. म्हणाला, त्या दिवशी मी फलाटावर आलो तेव्हा तुम्ही पाठमोरे बाकावर बसला होतात, टोपी मांडीवर, खांदे हलत होते. जवळ यायचा धीर झाला नाही. आणि म्हणाला की, त्या दिवसापासून घड्याळ एकदा बघून माझे भागत नाही. दोनदा बघतो. मला वाटायचे, मला घड्याळच कळत नाही.

मी माफी मागितली. तो म्हणाला, राहू द्या काका, कड सुकली, सोडा आता.

तू येणार हे सांगितले. सामान त्याने बांधायला घेतले आहे, ते अठ्ठावीससाठी की आधी निघायला, मला कळत नाही. तुला खोटी आशा दाखवणार नाही. नगरपालिकेने विचारले, दुरुस्त झालेले घड्याळ आता बरोबर लावायचे की दहा पुढे? मी म्हणालो, काचवाल्याला विचारा. त्याने विचार केला आणि म्हणाला, दहा पुढेच असू द्या. लोकांची सवय एका दिवसात मोडू नये.

ये. बाकीचे तुझ्या डोळ्यांसमोर होईल.
बाबा


६ मार्च

ती. बाबांस आणि आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पायाला मुंग्या आल्या, पण त्या डब्यात बसून.

स्टेशनवर काय झालं ते आत्यानं पन्नासदा विचारलं आणि मी सांगितलं नाही, कारण तुम्ही दोघं एकदम बघत होतात. आता सांगते. माझी गाडीच वीस मिनिटं उशिरा आली. फलाटावर एकच माणूस होता. झाडूवाल्या बाईंनी मला नंतर सांगितलं की, हा माणूस सकाळी अकरापासून इथे बसलाय, तीनदा त्याचे पाय उचलायला लावून खालून झाडलं. मी उतरले तर त्यानं आधी मनगटावर बघितलं, मग स्टेशनच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे. आणि म्हणाला की, आज तूच उशिरा आलीस.

मी इतकी हसले की रडायलाच आलं. मग पर्समधून ते दुसरं तिकीट काढून त्याला दिलं. अक्षरं पुसली आहेत, तारीख तेवढी दिसते. मी ठेवलं कशाला, असं त्यानं विचारलं नाही. मीही माफी मागितली, तुमच्यापेक्षा थोड्या शब्दांत. तो म्हणाला, बसून बोलू, मला घाई नाही. अठ्ठावीसला तो निघाला नाही, का ते तुम्हाला आता कळलं.

मी नोकरीची नोटीस दिली आहे. इथलं संपवायला महिना लागेल. मग आपल्या चौकातल्या औषधांच्या दुकानात विचारीन. तोवर दर रविवारी तो इकडे येणार आहे, काल आला, तो अजून इथेच आहे. आत्या, कपाटातला माझा खालचा कप्पा रिकामा कर. बाबा, किल्ली नव्या माणसाला दिलीत तरी पहिल्या तारखेला वर जाऊन सूचना करत बसाल, हे मला ठाऊक आहे. हळू चढा.

आणि त्या दिवशीचं ते कवन तुम्ही अजून म्हणून दाखवलेलं नाही. मी आले की पहिलं तेच. या वेळी गळा दाटला तरी चालेल, मी थांबेन.

जीव लावलात, तसाच लावत राहा.
तुमची,
टिकटिक

ता. क. ती. काकांस नमस्कार. हे पत्र टपालात टाकायला मला दिलं आहे. पेटी पाचला उघडते. आत्ता तीन वाजलेत, निघतो.
उशीरराव