ट्रकवरचा चारशे सतरा

पौड, ९ एप्रिल १९५९

प्रिय वाल्मीक,

चार वर्षं तू गावाकडं फिरकला नाहीस, तरी तुला प्रिय लिहितोय, यातच काय ते समज. धरणात गेलेल्या रानासाठी अजून किती रडणार, असं बापाला तोंडावर बोलून तू नागपूर गाठलंस. तेव्हापासून गेणबाकाकांनी तुझं नाव घेतलं नाही आणि तू त्यांना ओळ लिहिली नाहीस. दोघंही एकाच माळेचे मणी.

असो. तुझ्या दादानं, भिकूनं, नवा ट्रक घेतला. आता खरी गंमत ऐक. पुण्याच्या कचेरीत गाड्यांना नंबर ओळीनं देतात, पाळीला येईल तो घ्यायचा. भिकूची पाळी आली तेव्हा तीनशे अठ्ठ्याण्णव चालू होता. हा पठ्ठ्या बाजूला झाला आणि मागच्याला म्हणाला, तुमी व्हा म्होरं. असे दोन दिवसांत एकोणीस जण त्यानं पुढं सोडले. कारकून पार वैतागला. चारशे सतरा आला तेव्हाच हा खिडकीशी गेला.

पाटी रंगवायला तो माझ्याकडंच आला. मी खोदून खोदून विचारलं, पण भिकू मूग गिळून गप्प. मग काय, पौडात तर्कांना नुसता ऊत! कुणी म्हणे ज्योतिषानं सांगितलंय, कुणी म्हणे नवस हाय. आमच्या बायकोनं, कमरबीनं, यात कुणीतरी बाई आहे असं ठरवूनच टाकलं. मला तर दोन दिवस जेवण गोड लागेना, लेका.

शेवटी पाटी ठोकायला मीच तुमच्या घरी गेलो. भिकूनं काकांना हाताला धरून ट्रकपुढं आणलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. काकांनी बराच वेळ पाटी न्याहाळली. मग म्हणाले, "ह्ये काय लिवलंय?"

भिकूचा चेहरा पडला. तेव्हा कुठं त्यानं सांगितलं, चारशे सतरा हा तुमच्या बुडालेल्या रानाचा सर्व्हे नंबर. काकांना लिहितावाचता येत नाही, पण जमिनीच्या कागदावरचा तेवढा एक आकडा ते ओळखतात. आणि मी गाढवानं नियमाप्रमाणे इंग्रजी आकडे काढून ठेवले होते! भिकूच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की तिथंच रंगाचा डबा उघडला आणि खाली ठळक मराठीत ४१७ काढला. काकांनी ओल्या रंगावरून बोट फिरवलं. "आपलं रान हाय," म्हणाले. मग मला विचारलं, "वाल्याला कळवलं का?" चार वर्षांनी तुझं नाव निघालं, वाल्मीक. मला रडू आवरेना.

आता पत्र कशासाठी ते सांगतो. काल पोलिसानं ट्रक अडवला. मराठी आकडा नियमात बसत नाही, आठ दिवसांत खरवडून टाका, असं त्यानं बजावलंय. खरवडायचं काम माझ्याच वाट्याला आलंय, आणि काकांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. भिकूची जीभ रेटत नाही. रान दुसऱ्यांदा गेलं असंच त्यांना वाटेल. रानावरून तूच त्यांना बोललास ना? मग हे त्यांना तूच सांग, त्यांच्याजवळ बसून. येत्या गुरुवारपर्यंत ये. तोवर मी पाटीला हात लावत नाही.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच,
कमरुद्दीन