तलावाच्या पाळीवर

भंडारा
रविवार, १४ डिसेंबर २०२५

भूषण बाळा,

ताईचा आशीर्वाद. जिथे आहेस तिथे तब्येत सांभाळून असशील असं धरून चालते.

धान निघालं म्हणून तुझा दोस्त कुलदीप घरी आला होता. उद्या रायपूरला परत जाणार, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे. तुझा जुना नंबर लागत नाही आणि नवा काही तो देत नाही. "दीदी, मले त्यानं कसम घातली आहे," म्हणतो. पत्र न्यायचं नाही अशी तर कसम नाही ना, असं विचारलं तेव्हा हसला.

आमचं इथे बरं चाललं आहे. गुड्डी दहावीला आहे, अभ्यासापेक्षा फोन जास्त पाहते. तुझ्या भाऊजींचं भांड्यांचं दुकान लग्नसराईमुळे जोरात आहे. अड्याळच्या बाजाराच्या दिवशी मी गावी चक्कर मारते, बाबांसाठी भाजी घेऊन जाते. ते आता स्वतः रांधतात. भात चांगला करतात, वरण मात्र रोज पातळ होतं. शेताच्या बांधीतलं धान यंदा चांगलं आलं. दाण्याकडे पाहायला बाबांना उत्साह नव्हता, एवढंच.

आणखी एक. तू कामाला होतास तो बर्फाचा कारखाना पुन्हा सुरू झाला. तुला हे कसं लागेल म्हणून सांगावं की नाही कळत नव्हतं. मालक तोच, मॅनेजर नवा. अमोनियाचे पाइप सगळे बदलले. गेटवर भोंगा लावला आहे, आणि वारा कुठून येतो ते दिसावं म्हणून छपरावर एक लांब कापडी पिशवी बांधली आहे. पोरं तिला कारखान्याचा पायजमा म्हणतात.

तुझ्याबद्दल गावात आता कोणी वाईट बोलत नाही. मला माहीत आहे, याचा तुला आता काही उपयोग नाही. पण अमोनियाच्या गळतीच्या चौकशीचा अहवाल आला. तो ग्रामसभेत वाचून दाखवला, मी तिथे होते. मॅनेजर तुला फोनवर म्हणाला होता, "बाहेर कोणाले सांगू नको, आपणच दाबून टाकू." तरी तू भंडाऱ्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलंस, मंदिराचा भोंगा सांभाळणाऱ्या डोमाला गाव खाली करायला सांगितलंस आणि चेहऱ्यावर ओला दुपट्टा बांधून व्हॉल्व्ह बंद करायला आत गेलास. हे सगळं त्यात आहे. मागाहून वारा फिरला आणि वायू खालच्या मोहल्ल्यात शिरला. घराघरातल्या कोंबड्या मेल्या. माणसं घरात असती तर काय झालं असतं, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

आपली आई तेवढी गेली. आणि सरणाजवळ बाबा तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "तू गावाले पळवलं नसतं, तर तुयी माय जिती असती." तेरवी होईपर्यंतही तू थांबला नाहीस.

भूषण, पुढचं लिहायला घेतलं आणि दोनदा उठून गेले. तुला हे सांगून तुझं ओझं कमी होईल की वाढेल, मला ठरवता येत नाही. पण बाबांना माहीत आहे, मला माहीत आहे, गावाला माहीत आहे. तुलाच माहीत नसावं, हे बरं नाही.

तेव्हा सगळे म्हणाले तशी आई गर्दीत पडली नव्हती. तिला कोणी ढकललं नव्हतं. ती सगळ्यांबरोबर तलावाच्या पाळीवर नीट पोचली होती. शेजारच्या उषाबाईनं तिला हाताला धरून चढवलं, बसवलं, पाणी पाजलं. चौकशीत उषाबाईनंच हे सांगितलं. एवढे दिवस का बोलली नाही विचारलं, तर रडायला लागली. म्हणाली, माझ्या हातातून सुटली ती, काय तोंडानं सांगू?

आई येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "माया भूषण निघाला का?" कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा ती उठली. उषाबाई म्हणाली, "राधाबाई, कुठं जाऊन राहिली? खाली गॅस आहे." आई म्हणाली, "तो आत आहे ना." लोक वर चढत होते आणि ती एकटी त्यांच्यातून खाली उतरत होती. दगडांवरून पाय सरकला.

तू तोपर्यंत मागच्या दारानं बाहेर निघाला होतास. सुखरूप होतास. कोणीतरी वर येऊन तेवढं सांगायला हवं होतं. बस, तेवढंच.

गाव खाली करायच्या नव्या आराखड्याच्या बैठकीला तहसीलदार आले होते. म्हाताऱ्यांना कोण उचलेल, कोणत्या वाटेनं जायचं, सगळं बोलून झालं. शेवटी बाबा उभे राहिले. तुला माहीत आहे, चार माणसांत ते कधी बोलत नाहीत. म्हणाले, "साहेब, लोकं पळतीन. पन ज्याचं मानूस आत आहे तो वापस येईन. त्याले कोनी सांगाले पायजे, का तुयं मानूस निघालं म्हणून." साहेबांनी विचारलं, हे काम कोण करेल? बाबा म्हणाले, मी.

गुरुवारी सराव झाला. भोंगा वाजला, गाव पाळीवर आलं. गेटवरून बाबांना फोनवर एकेक नाव कळत होतं आणि ते मोठ्यानं ओरडून सांगत होते, "ईश्वर निघाला! गोलू निघाला!" बाया हसत होत्या, ईश्वरची बायको टाळ्या वाजवत होती. सगळे कामगार निघाले. साहेब म्हणाले, "झालं काका, सगळे आले. उतरा आता."

बाबा उतरले नाहीत. कारखान्याकडे पाहत त्यांनी पुन्हा हाक मारली, "भूषण!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याचं कोन सांगन मले?"

त्यांना तुला ये म्हणता येणार नाही, त्यांची जीभच उचलणार नाही. मीही ये म्हणत नाही. तेवढा हक्क आम्ही राखला नाही.

पण तू बरा आहेस, एवढं बाबांना फोन करून सांग. ते काही बोलले नाहीत तरी फोन लगेच ठेवू नकोस.

तुझी खबर नसलेली तुझी ताई,
भावना