हिरव्या ट्रंकेतली अंगडी

६ नोव्हेंबर १९६०, रविवार
अखेर बंगळूरला पोचलो. यांची बेळगावहून बदली झाली तेव्हा मला धास्तीच वाटली होती, पाचव्या महिन्यात परक्या गावी आपलं कसं व्हायचं म्हणून. पण स्टेशनाबाहेर आले आणि गार वाऱ्यानं प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला. घोड्याच्या जटक्यात बसून कॉटनपेटेत आलो. तुंगाबाई, म्हणजे यांच्या थोरल्या आत्या, दारातच उभ्या होत्या. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. कामाला यल्लव्वा येते, ती निपाणीकडची, माझ्याच मुलखातली. बदलीचं कळताच आत्याबाईंनी लगोलग पत्र घालून आम्हाला इथं बोलावलं. भाड्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत. माडीवरची खोली आमची. खिडकीतून परसातला पेरू दिसतो. यल्लव्वा कॉफी देताना ‘स्वल्प’ म्हणते आणि पेला काठोकाठ भरते. आज फार बरं वाटतंय.

९ नोव्हेंबर, बुधवार
माडीवर जुन्या ट्रंका रचून ठेवल्या होत्या. घरात मूल यायचं, तेव्हा ही अडगळ उपसून टाक, असं आत्याबाईंनी सांगितलं. यल्लव्वा एकेक ट्रंक खाली आणून देते, आणि दोन दिवस आत्याबाई आणि मी तेच करतोय. जरीचे रुमाल, कुरतडलेली शालजोडी, पितळी पानदान, यजमानांच्या चिक्कपेटेतल्या साड्यांच्या दुकानाची पाटी. प्रत्येक वस्तूपाशी आत्याबाई थांबतात आणि गोष्ट सांगतात. पाटी पुसताना त्यांचे डोळे भरले, मग स्वतःशीच हसल्या. एक फोटो निघाला. आत्याबाई, यजमान, धाकटे दीर सुब्बाराव आणि त्यांची बायको शारदा. शारदेचं पोट पदराआड लपत नव्हतं. मी कौतुकानं विचारलं, तर आत्याबाईंनी फोटो पालथा ठेवला.
तळाची हिरवी ट्रंक मात्र वरच राहू दे, तू एकटीच उघड, म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी हिरवी ट्रंक उघडली. आत बाळंतविडा! कुंच्या, अंगडी, चांदीचे वाळे, खुळखुळा. सगळं कोरं, कुणी न वापरलेलं. एका दुपट्यावर पोपट भरायला घेतला होता. तो अर्धाच राहिलेला, सुई तशीच टोचलेली. आत्याबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभ्या राहून बोलल्या, वर काही आल्या नाहीत. हे सगळं शारदेनं शिवलं. दिवस भरले आणि ती याच खोलीत अडली. मूल पोटातच गेलं, मागोमाग तीही गेली.
मला भडभडून आलं. सगळं पुन्हा घडी घालून ठेवलं. संध्याकाळी बसवनगुडीला शेंगांच्या जत्रेला गेलो, तरी तो पोपट डोळ्यांपुढून हलेना.

१७ नोव्हेंबर, गुरुवार
परसातल्या दोरीवर ती अंगडी वाळत होती. मला वाटलं, आत्याबाईंनी धुतली. त्यांना वाटलं, यल्लव्वानं. यल्लव्वा म्हणाली की तिनं त्या ट्रंकेला बोट लावलेलं नाही, आणि लावणारही नाही. मी अंगडी काढून आणली. उन्हात होती, तरी छातीपाशी ओली. दुधाचा वास येत होता.
ट्रंकेला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

२० नोव्हेंबर, रविवार
दोरीवर पुन्हा अंगडी. आज कुंच्याही. कुलूप जसंच्या तसं.
उघडून पाहिलं, तर दुपट्यावरचा पोपट पुरा झालाय. चोचीचा लाल दोरा माझ्या इरकली लुगड्याच्या काठातला आहे. तिथं काठ उसवलाय. यांना दाखवलं, तर हे म्हणाले की आत्याचं वय झालं, करत असेल काहीतरी आणि विसरत असेल. उद्यापासून हे शिमोग्याला फिरतीवर. नका जाऊ म्हटलं. नोकरी आहे, म्हणाले.

२३ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी आडवी झाले होते. डोळा लागलेला नव्हता. पोटावरून कुणीतरी हात फिरवला, अगदी मायेनं. आत्याबाई असतील म्हणून मी तशीच पडून राहिले. बाळ त्या हाताखाली हललं. तेवढ्यात खिडकीतून आत्याबाईंचा आवाज आला. त्या परसात होत्या, अवरेच्या शेंगा सोलत.
हात अजून पोटावरच होता.
डोळे उघडायचं धाडस —

२४ नोव्हेंबर, गुरुवार
यल्लव्वानं मला विहिरीपाशी गाठलं. "माहेराला जावा, अक्का. मालकांची वाट बघू नका."
संध्याकाळी आत्याबाईंना सरळ विचारलं. त्यांनी शेंगा सोलायचं थांबवलं नाही. आवाजही चढवला नाही.
"माझी तीन बाळं तिनं पाळण्यातून नेली. तरी तिचं मन भरलं नाही. तिचं पोटातच गेलं होतं ना, तिला तसंच हवं." मग पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "तीस वर्षं मी तिची पावलं ऐकतेय, सुमित्रा. म्हणून तुला बोलावलं."
मला त्यांचा राग यायला हवा होता. पण शेंगेतले दाणे जमिनीवर सांडत होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.
आज यल्लव्वाला रात्रीची थांबवून घेतलीय, खालीच तिच्याजवळ निजणार. सकाळी पहिल्या गाडीनं जायचं.

२५ नोव्हेंबर
बोचकं बांधलं. यल्लव्वा जटका आणायला गेलीय. दारापाशी बसलेय. हात काहीतरी करत राहावा म्हणून लिहितेय —
उठल्यापासून बाळ हललेलं नाही. गूळ खाल्ला. पाणी प्याले. कुशीवर निजून पाहिलं. नाही —
आत्याबाई वर गेल्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जिना चढल्या. माडीवर पाळणा नाही, तरी कड्या कुरकुरताहेत —
जटका आला वाटतं. नाही, गाडी पुढं गेली.
वर मूल रडलं.
नुकतं जन्मलेलं रडतं, तसं. आत्याबाई हसताहेत. रडताहेत आणि हसताहेत. म्हणताहेत, "शारदा, मुलगी झाली गं."
मी पोटावर हात ठेवलाय. दोन्ही हात. आत काही —