स्क्रूचा दात

बंगळूर,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय क्रांते,

बरी आहेस ना? काका-काकूंना नमस्कार सांग. म्हैस व्याली असेल एव्हाना. रेडी झाली का? तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून पत्र लिहितोय. फाडायचंच असलं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मी मजेत आहे. मिलिटरी पोलिसांचं ट्रेनिंग म्हणजे पळायचं आणि परत पळायचं. मी 'येतो, जातो' म्हणतो म्हणून नागपूरची एक पोरगी हसते. तिला म्हटलं, आमच्या कागलात पोरी अशाच बोलतात.

परवा दातांची तपासणी झाली. डॉक्टर मॅडम मेजर आहेत. कुणाला कीड, कुणाची दाढ गेलेली. माझ्या पुढच्या दाताला आरसा लावला आणि थांबल्या. म्हणाल्या, "इम्प्लांट? नव्या भरतीत मला हा क्वचितच दिसतो. ज्यांचा दात पडलेला असतो त्या फट घेऊनच येतात." आख्ख्या बॅचमध्ये माझा एकटीचाच निघाला. तेव्हापासून पोरी मला 'इस्क्रू' म्हणतात. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी हाडात स्क्रू बसवून त्यावर दात कसा चढवला, हे सांगून सांगून जीभ दुखली.

मग मॅडमनी विचारलं, "तोडा किसने?"

"दोस्त ने. कबड्डी में कोहनी लगी."

त्या हसल्या. "ऐसी लड़की तो फौज में चाहिए. कहाँ है वो?"

क्रांते, मी नुसतं 'जय हिंद, मॅडम' म्हणून बाहेर पडलो. बराकीत येऊन रडलो.

आई त्या दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "मुद्दाम मारलंस. हिची भरती हुकावी म्हणून." मी तोंडाला रुमाल लावून बसलेलो. रक्त थांबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलतो. काकू म्हणाल्या, "क्रांती न्हाय घरात." तुझी चप्पल दारातच होती.

मग तू भरतीला आलीच नाहीस. पळण्यात तर तू कायम माझ्या पुढं.

रविवारी आम्हाला फोन मिळतो. आईला मॅडमचा प्रश्न सांगितला. तिनं आधी मेसमध्ये जेवण कसं असतं ते विचारलं. मग म्हणाली, "लई वंगाळ बोलले मी त्या पोरीला. तिला बघाय पावणं येणार हायत म्हणं."

"मग पावणं यायच्या आधी तू जा."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच. बोललीस पण ह्याच तोंडानं की."

ती या आठवड्यात येईल. माफी मागायची तिला सवय नाही, आधी भलतंच काहीतरी बोलत बसेल. थोडं थांब. तिला आत घे.

आमचा धाकटा यशराज सांगत होता, तू परत पळायला लागलीस. रोज पहाटे, हायवेच्या कडेनं. ऐकून मी फोनवरच ओरडलो. वयात अजून तुला एक भरती बसते. पावण्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. पळणं तेवढं सोडू नको.

आणि एक. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडं परत गेलतो. सांगून आलो, "आ रही है, मॅडम."

आता मला खोटं पाडू नको.

तुझीच,
संयोगिता