ब्याद म्हणजे कोण

मंगळवार, रोहा. संध्याकाळ.

आज सहावीचे पेपर तपासताना एका उत्तरापाशी अडकले. 'ब्याद' या शब्दाचे समानार्थी शब्द विचारले होते. बाकीच्यांनी पीडा, कटकट, उपद्रव, लचांड असं शिकवलेलं लिहिलं. वरसे गावच्या एका मुलीने लिहिलं, 'ब्याद म्हणजे मी. आई म्हणते.'

लाल पेनाने फुली मारली, आणि मग पुढचा पेपर वाचताच येईना.

पेणला आमची आई मला ब्यादच म्हणायची. चौघी बहिणींत मी धाकटी. ती पापड लाटायला बसली की मी लाट्या पळवायची. "ही ब्याद उचल गो इथून," असं ती थोरलीला सांगायची, आणि स्वतःच एक लाटी तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवायची. हा अर्थ शब्दकोशात कुठे असतो?

शेवटचं कधी म्हणाली असेल? आठवेना. न राहवून तिला फोन केला.

"आई, हल्ली तू मला ब्याद का म्हणत नाहीस?"

ती म्हणाली, "तू आता त्रास कुठं देतेस गो? महिन्यातून एकदा येतेस, पाहुण्यासारखा चहा घेतेस, कप विसळून ठेवतेस नि जातेस. तुला ब्याद कशी म्हणू?"

रोह्याहून पेण असं किती लांब आहे?

त्या मुलीला पूर्ण गुण दिले. शनिवारी शाळा सुटली की पेणला जाणार, राहायला. सोमवारची रजाही टाकली. आईला सांगितलेलं नाही.